पत्ताकोबीचा चीन

चायनीजच्या गाडीबद्दल मी आजवर मराठीत जे वाचलं, ऐकलं, पाहिलं, ते साधारण तीन सुरांत बसतं. पहिला सूर घरच्यांचा: मैदा, अजिनोमोटो, काळं तेल, पोट बिघडणार. दुसरा बाहेर फिरून आलेल्यांचा: ‘खरं चायनीज असं नसतंच रे.’ तिसरा रीलवाल्यांचा: ‘अमरावतीतलं नंबर वन, एकदा खाऊन तर पाहा.’ तिघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. पुढ्यात आलेली प्लेट जमली होती की फसली होती, हे कुणीच सांगत नाही.

बाकीच्या खाण्याबद्दल आपण इतके उदार नाही. गिला वड्याचं दही आंबट निघालं तर अमरावतीचा माणूस तिथल्या तिथे बोलून दाखवतो. शेगावच्या कचोरीवर तर घराघरांत भांडणं होतात. नूडल्सच्या वाट्याला मात्र एक तर शिव्या येतात, नाही तर लाइक. मी २०१५ ते २०१९ अमरावतीत इंजिनियरिंग केलं, घर अकोल्याला. कठोरा नाका, पंचवटी, राजापेठ इकडे आठवडाभर आणि गौरक्षण रोड, जठारपेठ तिकडे शनिवार-रविवार, अशी चार वर्षं खाल्ल्यावर माझी काही मतं तयार झाली आहेत. ती सांगतो.

नूडल्सपासून सुरू करू. गाडी संध्याकाळी सहाला लागते, पण नूडल्सचं काय होणार हे दुपारीच ठरलेलं असतं. किंचित कच्च्या राहतील अशा बेतानं उकळायच्या, गार पाण्यातून काढायच्या, तेलाचा हात लावायचा आणि परातीत पसरून ठेवायच्या. पसरल्या की वाफ निघून जाते, वरचा स्टार्च घट्ट बसतो आणि रात्री कढईत त्या एकमेकींना चिकटत नाहीत. घाईत ढीग करून ठेवल्या तर आतल्या नूडल्स स्वतःच्याच वाफेत शिजत राहतात. रात्री आठला तुमच्या प्लेटमध्ये लगदा येतो तो त्या दुपारच्या ढिगाचा असतो. आमच्या धंद्यात पण हेच चालतं, चूक बिल्डमध्ये आणि शिव्या प्रॉडक्शनला.

दुसरी गोष्ट धग. भट्टीचा तो विमानासारखा आवाज उगाच नसतो. पातळ लोखंडी कढई इतकी तापलेली हवी की कोबीतून सुटणारं पाणी सुटताक्षणी उडून जावं. तसं झालं तर पत्ताकोबी कडेनं करपते आणि आतून कच्ची, कुरकुरीत राहते. धग कमी पडली तर तीच कोबी आपल्या पाण्यात शिजते आणि प्लेटभर तो शाळेच्या डब्यासारखा वास भरतो. म्हणून ‘जिथे गर्दी तिथे चव’ हे सूत्र इथे लागू पडत नाही. शनिवारी रात्री साडेआठला एकाच कढईत सहा फुल प्लेटी टाकल्या की कढई थंडावते. चांगल्यात चांगल्या गाडीच्या वाईटात वाईट नूडल्स तुम्हाला तेव्हा मिळतात. मंगळवारी सातला जा.

मला खरं बोलायचंय ते सूपबद्दल. मंचाव हा गाडीवरचा सगळ्यात अवघड पदार्थ आहे आणि सगळ्यात कमी लक्षानं केला जातो. आलं, लसूण, हिरवी मिरची, बारीक चिरलेली कोबी-गाजर, पाणी, सोया सॉस, व्हिनेगर, मिरेपूड, शेवटी पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लॉवर आणि वरून तळलेल्या नूडल्स. हाडांचा किंवा भाज्यांचा अर्क बहुतेक ठिकाणी नसतोच, म्हणजे सगळा डोलारा लसणावर आणि घट्टपणावर उभा. कॉर्नफ्लॉवर उकळलं की फुगतं आणि पाण्याला अंग येतं. पण तेच पातेलं संध्याकाळपासून मंद आचेवर ठेवून मधून मधून ढवळलं, त्यात व्हिनेगरचा आंबटपणा असला, तर फुगलेला स्टार्च मोडतो आणि सूप पुन्हा पाणी होतं. नऊच्या सुमाराला गाडीवाला त्यात आणखी कालवण ओततो. ते नीट शिजायच्या आत वाटीत येतं आणि जिभेवर खडूसारखं लागतं. एका पावसाळी रात्री मी पंचवटीजवळ तक्रार केली होती, “भाऊ, सूप आज पातळ झालं ना.” उत्तर आलं, “पाऊस पडून राहिला बाप्पा, वरूनबी पडते त्यात.” उत्तर इतकं चोख होतं की मी पैसे देऊन गप्प बसलो.

जिथे प्रत्येक ऑर्डरीला वेगळं सूप कढईत होतं, तिथलं मंचाव ही वेगळीच वस्तू असते. लसूण आधी तेलात तांबूस झालेला असतो, मिरी शेवटी पडलेली असते, आणि तळलेल्या नूडल्स पहिला एक मिनिट वाजतात. ‘वन बाय टू’ मागितलं तर दुसऱ्या वाटीवर वेगळ्या नूडल्स टाकतो की एकाच्याच अर्ध्या करतो, यावरून गाडीवाल्याचा स्वभाव कळतो.

हे खाणं वऱ्हाडाला परकं आहे असं म्हणणाऱ्यांनी आपल्या घरात डोकावून बघावं. घट्ट वरणात कणकेचे तुकडे शिजवून केलेली वरणफळं आपण आजारपणात, पावसात, कंटाळ्यात खात आलोय. भातावर बेसनाचे गोळे कुस्करून वरून फोडणीचं तेल, म्हणजे गोळाभात. मंचुरियन राइस त्याच्यापासून किती लांब आहे? कोबी आणि मैद्याचे गोळे तळायचे, आंबट-तिखट रश्शात सोडायचे, भाताबरोबर खायचे. मी असं म्हणत नाही की एकातून दुसरं आलं. एवढंच की गाडीवर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या वऱ्हाडी जिभेला फार काही शिकावं लागलं नसणार.

‘खरं चायनीज’वाल्यांसाठी थोडा इतिहास. मंचुरियन चीनमधून आलेलं नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात, आलं-लसूण-हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घातलं, ही त्यांनीच सांगितलेली हकीकत आहे. ‘हक्का’ हे तर कोलकात्याच्या टँगरा भागात चामड्याचे कारखाने चालवणाऱ्या चिनी समाजाचं नाव. म्हणजे कठोरा नाक्यावरच्या फळ्यावर आपण एका जमातीचं नाव रोज वाचतो आणि ते नूडल्सच्या जाडीचं नाव समजतो. १९६२च्या युद्धानंतर भारतातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, बायकापोरांसकट, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं होतं. त्यांतले अनेक जण नंतर देश सोडून गेले. खाणं मात्र इथेच राहिलं आणि देशभर पसरलं. २०२०च्या जूनमध्ये गलवाननंतर केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज खाणं विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घालावी असं म्हटलं, तेव्हा ज्या मालावर बहिष्कार पडला असता तो होता पत्ताकोबी, लसूण, मैदा आणि हिरवी मिरची.

अजिनोमोटोबद्दलही एकदाच बोलून टाकतो. टोकियोचे किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या अर्कातून ती चव वेगळी काढली. पिकलेल्या टमाट्यातही ग्लुटामेट असतं. १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचं पत्र छापून आलं, चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेत मुंग्या येतात असं, आणि तिथून ही भीती जगभर गेली. नंतर माणसांना काय खातोय ते न सांगता घेतलेल्या चाचण्यांत तसा ठाम परिणाम सापडला नाही. मी कॉलेजात गेलो त्याच वर्षी, जून २०१५मध्ये, मॅगीवर बंदी आली. शिसं आणि पाकिटावरचा एमएसजीचा मजकूर अशी दोन वेगळी कारणं होती, पण होस्टेलवर लक्षात राहिलं ते ‘नूडल्स म्हणजे विष’ एवढंच. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली, हे फारसं कुणाला आठवत नाही. माझा अजिनोमोटोवरचा आक्षेप वेगळा आहे. तो आळशी गाडीवाल्याला वाचवतो. लसूण कमी पडला, कोबी शिळी निघाली, की एक चिमूट जास्त.

त्याहून मोठा गुन्हेगार शेजवान. हे नाव चीनच्या सिचुआन प्रांताचं, आणि तिथल्या तिखटाची ओळख म्हणजे जिभेला मुंग्या आणणारी एक मिरी. आपल्या शेजवानात ती नसते. गंमत म्हणजे तिची सख्खी चुलत बहीण महाराष्ट्रातच आहे, कोकणातलं तिरफळ, जे माशाच्या आमटीत जातं. गाडीवरचं शेजवान म्हणजे तेलात परतलेला लाल मिरचीचा ठेचा, व्हिनेगर आणि रंग. ठेचा म्हणून मला तो आवडतो. त्रास असा की त्यानं बाकी सगळं खाऊन टाकलं. शेजवान नूडल्स, शेजवान राइस, शेजवान सूप, ट्रिपल शेजवान, शेजवान डोसा. लाल झालं की दुपारचा ढीग, थंड कढई, पातळ सूप सगळं झाकलं जातं. म्हणून नवीन गाडीवर मी पहिल्यांदा साध्या हक्का नूडल्स मागतो. त्यात लपायला जागा नसते.

आणि सोया सॉस. पावसाळ्यात अकोल्याहून अमरावतीला या. हाच तो राष्ट्रीय महामार्ग ५३, ज्यावर जून २०२२मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम केला. दोन्ही बाजूंना सोयाबीनच सोयाबीन. ते सगळं तेलाच्या मिलांकडे जातं, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला. सोयाबीन आणि गहू महिनोन्‌महिने आंबवून होणारा सॉस हा प्रकार इथल्या शेतकऱ्यानं कधी चाखलेलाही नसतो. त्याच्या शेताला लागून उभ्या गाडीवर असते ती पाच लिटरची प्लास्टिकची कॅन, आणि तिच्यातला माल चाखला तर मीठ आणि जळकी साखर यापलीकडे फारसं काही लागत नाही.

दोन गावांची तुलना करायची तर माझं मत असं: सूप अकोल्याचं, नूडल्स अमरावतीच्या. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर असताना माणसं घाम पुसत मंचाव पितात आणि त्यात तिखट कमी झालं तर परत पाठवतात. त्या धाकानं सूप बरं राहतं. अमरावतीच्या गाड्या विद्यार्थ्यांवर चालतात. त्यांना पैशात पोट भरायचं असतं, म्हणून नूडल्सवर मेहनत जास्त आणि सूप पाहुण्यासारखं.

विद्यार्थ्यांत मुलीही आल्या, आणि इथे चवीपलीकडचा एक हिशोब आहे. दर्यापूरकडची माझी एक वर्गमैत्रीण म्हणायची, “बाबांसोबत हॉटेलात गेलं की काय खायचं ते बाबा ठरवतात. इथं मी ठरवते.” सहा ते आठ या वेळात कॉलेजजवळच्या गाड्यांवर मुलींचे घोळके असायचे. एक फुल प्लेट, चार काटे, कुणाची जात कुणाच्या ताटात शिरत नाही. आठनंतर होस्टेलचं गेट बंद व्हायचं आणि गाडीचं गिऱ्हाईक बदलायचं. शेजारच्या अंधारातून प्लास्टिकचे ग्लास घेऊन येणारी मंडळी, आणि त्यांना हवा असतो चकणा: लाल, तिखट, तेलकट. माझा तर्क असा की शेजवानचं राज्य या दुसऱ्या पाळीनं आणलं. नफा तिथे जास्त, म्हणून पदार्थ तिच्यासाठी घडत गेला आणि पहिल्या पाळीच्या पोरी पण तेच खायला लागल्या.

कढईमागच्या माणसाबद्दल कुठल्याच रीलमध्ये काही नसतं. कधी तो नेपाळचा, कधी बंगालचा, कधी मेळघाटातला. डोळे बारीक असले तर गिऱ्हाईक त्याला सरळ ‘चिन्या’ म्हणतं, आणि मालकाला ते चालतं, कारण गाडीवरच्या ड्रॅगनपेक्षा ती जाहिरात स्वस्त पडते. अस्सल-नकलीचा वाद घालणारे आपण पदार्थाला चिनी मानत नाही आणि माणसाला मानतो. तो मात्र हसून “तिखट किती भाऊ?” विचारतो. एवढं नीट मराठी बोलायला त्याला सहा महिने लागलेले असतात.

आता पुण्याहून महिन्यातून एकदा घरी जाणं होतं. फळ्यावर चीज मंचाव आलंय, तंदुरी मोमो आलेत, आणि साध्या हक्का नूडल्स दोन ठिकाणी यादीतून गेल्यात. मागितल्या तर “शेजवान घ्या ना भाऊ, तेच चालते” असं ऐकू येतं. चीज टाकलेलं मंचाव मी एकदा खाल्लं. चीज कॉर्नफ्लॉवरला धरून गोळा होतं आणि लसणाची चव कुठेच लागत नाही. गौरक्षण रोडला एक गाडी अजून प्रत्येक सूप वेगळं करते. दहा मिनिटं लागतात, मागचे लोक कुरकुरतात, आणि तो मान वर न करता लसूण ठेचत असतो. त्याच्याकडे नूडल्स घेऊ नका, चिकट असतात. सूप घ्या, आणि आठच्या आत जा.