ओवी तीच, वय निराळे : शिराळा परिसरातील स्त्रीगीते आणि वार्धक्याचा विनोद

मराठी विनोदाच्या चर्चेत म्हातारी बाई आढळते ती बहुधा विनोदाचा विषय म्हणून. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाची आई हे तिचे सर्वपरिचित रूप होय. तिच्या जुन्या वळणाला वाचक हसतो. ती स्वतः कशाला हसते, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. वार्धक्य, कुटुंब आणि सख्य यांविषयीचा वृद्ध स्त्रीचा स्वतःचा विनोद मराठीत कोठे शोधावा, या प्रश्नाचे एक उत्तर लिखित वाङ्मयाच्या बाहेर, स्त्रीगीतांच्या परंपरेत सापडते.

सांगली जिल्ह्यातील शिराळा, म्हणजेच बत्तीस शिराळा, हे गाव नागपंचमीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील आख्यायिकेच्या केंद्रस्थानी एक स्त्रीच आहे. मातीच्या नागाची पूजा आटोपेपर्यंत तिने भिक्षेला आलेल्या गोरखनाथांना तिष्ठत ठेवले, आणि त्यातूनच जिवंत नागाच्या पूजेची प्रथा सुरू झाली असे सांगतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे उच्च न्यायालयाने या प्रथेवर निर्बंध आणले. तथापि, निर्बंधांपूर्वी काय आणि नंतर काय, पाहणाऱ्यांचे लक्ष राहिले ते नागांवर आणि ते धरणाऱ्या पुरुषांवर. पंचमी हा मुळात भावाच्या उपवासाचा, माहेरी येण्याचा आणि जुन्या गडणी भेटण्याचा सण आहे. या भागात सर्वत्र या दिवसांत फेर, झिम्मा, फुगडी यांची गाणी म्हटली जातात आणि त्यांत थोरल्या बायकांना थट्टेची मुभा असते. वार्धक्याच्या विनोदाचा विचार करताना सणाची ही बाजूच महत्त्वाची ठरते.

या विनोदाची घडण जात्यावरच्या ओवीत अधिक स्पष्ट होते. सासुरवासाची ओवी सून म्हणून शिकलेली बाई पुढे सासू होते. ओवी मात्र बदलत नाही. चाळीस वर्षांपूर्वी जी तक्रार तिने स्वतःच्या सासूविषयी गायिली, तीच ती आता सुनेच्या देखत गाते. शब्द तेच असतात, पण ‘सासू’ या पदाचा निर्देश फिरून गाणारीवरच येतो. तक्रारीचे स्वोपहासात रूपांतर होण्यासाठी संहितेत एकही अक्षर बदलावे लागत नाही. माहेर, भाऊ-भावजय, लेक या विषयांचेही असेच होते. एके काळी भावजयीचे उणे काढणारी नणंद आता स्वतःच कुणाच्या तरी आत्याबाईचे सोंग झालेली असते, आणि हे तिला ठाऊक असते. हा विनोद वयाने दिलेला आहे. तरुण गायिकेला तो साधणार नाही.

त्याला एक साक्षीदारही लागतो. जात्याच्या खुंट्याला समोरासमोर बसलेल्या दोघींचे हात लागतात. त्यामुळे ओवीला ऐकणारी आधीच लाभलेली असते. ओवीतून वारंवार भेटणारी ‘शेजी’ ही नात्यातली नव्हे. तिचा मान राखावा लागत नाही आणि तिच्यावर सत्ताही चालत नाही. कुटुंबाला हसायचे तर कुटुंबाबाहेरची एक बाई लागते, हे या परंपरेने ओळखले होते. म्हणूनच येथे मैत्री हे विनोदाचे केवळ आशयसूत्र राहत नाही. विनोद शक्य होण्याची ती अट ठरते.

लोकसाहित्याच्या संकलनात नेमका हाच भाग निसटतो. शिराळ्याशेजारच्या वाळवा तालुक्यातील बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर (१९२०–२००८) यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे केलेले कार्य अनन्यसाधारण आहे. त्या संकलनांमुळेच हा ठेवा वाचला. परंतु माहेर, कुलदैवत, सण अशा विषयवार मांडणीत गाणारीचे वय गळून पडते, आणि सासूवरची प्रत्येक ओवी सुनेचीच मानली जाते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ओव्यांबरोबर गायिकेचे नाव व गाव नोंदवण्याची दक्षता घेतली, ती या दृष्टीने मोलाची आहे.

पाश्चात्त्य सिद्धान्तही येथे पुरा पडत नाही. बाख्तिनने राबेलेवरील ग्रंथात (१९६५) केर्च येथील मृण्मूर्तींचा, हसणाऱ्या गर्भवती वृद्धांचा, उल्लेख केला आहे. मृत्यू आणि जन्म एकाच देहात दाखवणारे ते हास्य त्याला लोकविनोदाचे सार वाटते. परंतु त्या वृद्धा बोलत नाहीत. त्या प्रतिमा आहेत. ओवी गाणारी वृद्धा बोलते, आणि आपण हास्यास्पद आहोत हे इतरांआधी तीच सांगून टाकते.

लिखित गद्यात याच जातीचा विनोद लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (पहिला भाग १९३४) दिसतो. तो ‘निर्व्याज’ किंवा ‘भाबडा’ म्हटला गेला आहे. वस्तुतः साठी ओलांडलेली निवेदक अकराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीकडे पाहते, आणि त्या दोन ‘मीं’मधल्या अंतरातून हसू निर्माण होते. वडिलांचे सोवळ्याचे वेड भोगताना भयंकर होते. सांगताना ते विनोदी होते. हे अंतर राखणे भाबडेपणाचे लक्षण नव्हे. आनंदीबाई कर्वे यांनी आपल्या आत्मकथेला ‘माझे पुराण’ (१९४४) म्हटले, त्यातही ऐकणाऱ्याच्या कंटाळ्याची थट्टा त्यांनी स्वतःच आधी उरकून घेतली आहे.

या विनोदाचा गौरव करताना त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. सासूने सुनेसमोर स्वतःची थट्टा केली म्हणून सासूपणाचा अधिकार सुटत नाही. सुनेला हसावे लागते, आणि ते हसणे कधी कधी आज्ञापालनही असते. शिवाय विधवेला सणाच्या खेळातून जेथे दूर ठेवले गेले, तेथे थोरलेपणाची मुभा सर्वच वृद्धांना मिळाली असे म्हणता येत नाही. हा विनोद व्यवस्था मोडत नाही. तिच्यात आयुष्य काढलेल्या बाईला तो तिच्याबाहेर घटकाभर उभे राहू देतो.

गिरणी आल्यावर घरोघरची जाती थांबली आणि समोरासमोरची बैठकही मोडली. ओव्या आता छापील पानांवर आणि ध्वनिमुद्रणांत आहेत. त्या वाचताना ‘ही ओवी कशाविषयी’ या प्रश्नाइतकाच ‘ही कोणत्या वयात, कोणासमोर गायिली’ हा प्रश्न अभ्यासकाने विचारला पाहिजे. तो विचारला नाही, तर मराठीतील एका प्रगल्भ विनोदपरंपरेची नोंद केवळ सासुरवासाची तक्रार म्हणूनच होत राहील.