हिशेब चुकलेले घर : 'वाडा चिरेबंदी'कडे पुन्हा पाहताना

महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' लिहून लेखकाने त्याची त्रयी पूर्ण केली. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही नाटके सलग सादर केली, आणि 'युगान्त'ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या त्रयीवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. बहुतेकांचा सूर असा की, हे ढासळत्या सरंजामी वैभवाचे शोकगीत आहे. हे खोटे नाही. पण एवढ्यावर थांबले तर नाटक हाती लागत नाही, असे माझे मत आहे. या लेखापुरता विचार पहिल्या नाटकाचाच करावयाचा आहे.

कथानक बहुतेक वाचकांच्या परिचयाचे असेल. विदर्भातील धरणगाव. देशपांड्यांच्या वाड्यातले कर्ते पुरुष तात्याजी वारले आहेत. थोरला भास्कर, त्याची बायको वहिनी, मुले पराग आणि रंजू, शिक्षण अर्धवट राहिलेली प्रभा, राबणारा चंदू, विधवा झालेली आई आणि गेलेल्या मुलाला हाका मारणारी थकलेली दादी, असे हे घर. मुंबईहून धाकटा सुधीर व त्याची कोकणस्थ पत्नी अंजली येतात, तेही उशिरा. तेथून पुढे सुतकाचे दिवस. एवढ्या थोड्या दिवसांत या घरावरून जणू एक पुरा पावसाळा जातो. भावाभावांत कुरबुर होते, मने जुळल्यासारखी वाटतात, पुन्हा फाटतात. दागिन्यांचा डबा निघतो, नाहीसा होतो. मुलगी पळून जाते, परत येते. आणि शेवटी पाहुणे गाडीला लागतात.

या साऱ्या घडामोडींच्या तळाशी एकच व्यावहारिक प्रश्न आहे. तेराव्याचे गावजेवण कोणाच्या पैशाने घालावयाचे? देशपांड्यांच्या इभ्रतीला साजेसे तेरावे झाले पाहिजे याविषयी भास्करला शंका नाही, फक्त पैसा नाही. मुंबईकर भाऊ नोकरदार, म्हणजे त्याच्याजवळ असणारच, असा घरचा समज. मुंबईच्या नोकरीत शिल्लक किती राहते हे सुधीरलाच ठाऊक. मोठा प्रश्न लहान रकमेतून उभा करण्याचे एलकुंचवारांचे कसब येथे दिसते. वाटणीचे भांडण रंगभूमीला नवे नाही. येथे मात्र वाटून घ्यायला जवळपास काही उरलेलेच नाही, आणि तरीही भांडण आहे.

येथे आडनावाचाही विचार करावा. देशपांडे म्हणजे परगण्याचे हिशेब ठेवणारा वतनदार. पिढ्यान्‌पिढ्या इतरांचे जमाखर्च लिहिणाऱ्या घराण्याला स्वतःचा जमाखर्च मांडता येत नाही, ही या नाटकातली सर्वांत बोचरी गोष्ट. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर हे त्याचे उघड चिन्ह. विदर्भाचा कुळकायदा १९५८ चा, जमिनीच्या कमाल मर्यादेचा १९६१ चा. आपल्या बेळगाव, खानापूर भागात १९७४ च्या दुरुस्तीनंतर देसाई-देशपांड्यांच्या जमिनी कुळांकडे गेल्या. कसणाऱ्याला जमीन मिळाली हा न्यायच झाला. मात्र उत्पन्न गेल्यावरही मान तेवढाच ठेवावयाचा, या हट्टाची किंमत घरातल्या कोणी मोजली, हा प्रश्न उरतो. नाटकाचे खरे बळ या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

ती किंमत मोजतो चंदू. घरात गडी उरले नाहीत, म्हणून गड्याची सारी कामे त्याच्याकडे. त्याच्या पायाची जखम चिघळत जाते आणि इभ्रतीची चर्चा चालू असताना तिकडे पुरेसे लक्ष देण्यास कोणाला सवड होत नाही. ती किंमत मोजते वहिनी, जिला रात्रीच्या एकांतात घराण्याचे दागिने अंगावर घालून मिरवण्याचे सुख घटकाभर मिळते. त्या प्रसंगाला अनेकांनी वैभवाचे अखेरचे दर्शन म्हटले. मला तेथे उभी आयुष्ये चुलीपुढे काढलेल्या एका बाईची उशिरा मिळालेली, आणि तीही चोरून मिळालेली, मजुरी दिसते.

सर्वांत मोठी किंमत प्रभाची. हुशार मुलगी, पुढे शिकावे ही तिची इच्छा. देशपांड्यांच्या मुलीने बाहेरगावी राहून शिकणे बापाला मान्य नव्हते. तिच्यासमोर भाची रंजू ठेवा. तिला शिकवणी लावून दिलेली आहे, पण तिचे चित्त सिनेमात. आणि ती त्या शिकवणीच्या मास्तराबरोबरच दागिने घेऊन मुंबईला पळते. जन्म शाळेत गेलेल्या माझ्यासारख्याला हा विरोध विसरता येत नाही. जिला शिकावयाचे होते तिला दार बंद, जिला नको होते तिच्या दारी मास्तर. सुधीर रंजूला परत आणतो, दागिने येत नाहीत. आणि त्या सोन्याबरोबर प्रभाची उरलीसुरली आशाही बुडते.

आजच्या तरुण वाचकाला वाटेल, प्रभाने आपला वाटा मागून का घेतला नाही? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वारस मानले होते. परंतु त्याच कायद्याच्या २३ व्या कलमानुसार कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी पुरुष वारस करतील तेव्हाच व्हावयाची, मुलीला ती आपणहून मागता येत नसे. अविवाहित मुलीला त्या घरात राहण्याचा हक्क मात्र होता. म्हणजे प्रभाला वाड्यात खितपत राहण्याचा कायदेशीर अधिकार होता, वाड्याची किंमत करून बाहेर पडण्याचा नव्हता. हे कलम २००५ साली रद्द झाले. एलकुंचवारांनी नाटकात कायद्याची चर्चा केलेली नाही. तिची गरजही नव्हती. अखेर तेराव्यासाठी आईच आपला वाड्यातला वाटा विकावयास सांगते. चिरेबंदी वास्तूला पहिले खिंडार पडते ते बाईच्या हिश्श्यातून, हे ध्यानात ठेवावे.

सीमाभागातील वाचकाला या नाटकाची भाषा विशेष जवळची वाटेल. वाड्यातली माणसे वऱ्हाडी वळणाचे बोलतात, अंजलीची भाषा पुणे-मुंबईची, आणि सुधीर दोहोंच्या मध्ये. घरच्यांशी एक, बायकोशी दुसरी. आपल्याकडे बाजारात कानडी, घरी आपली बोली आणि शाळेत पुस्तकी मराठी अशी तीन वस्त्रे बदलणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. भाषा बदलली की माणूस त्या घटकेपुरता कोणत्या घरचा, हे ठरते. सुधीर दोन्ही घरचा आहे आणि म्हणूनच कोठलाच नाही.

नाटकात उणे काहीच नाही असे नव्हे. रंजूचे पलायन आधीपासून इतके सूचित होते की घडते तेव्हा धक्का बसत नाही, आणि तो मास्तर केवळ सोयीपुरता राहतो. अंजलीवर तर प्रेक्षकांनी आणि काही अंशी लेखकानेही अन्याय केला आहे, असे मला वाटते. काटकसरी कोकणस्थ सून म्हणून तिच्याकडे हसून पाहिले जाते. वस्तुतः या घरात पैशाविषयी आडपडदा न ठेवता बोलणारी तीच आहे. देशपांड्यांच्या वाड्याला पिढ्यान्‌पिढ्या ज्याची उणीव होती तो हिशेब बाहेरून आलेली सून मांडू पाहते, आणि परकी ठरते.

आपल्या भागातील कित्येक वाड्यांच्या जागी आज सदनिका उभ्या आहेत. तुळयांचे सागवान विकले गेले, त्याविषयी हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्या भिंतींच्या आड कोणाची शाळा सुटली आणि कोणाची जखम चिघळली, याची नोंद कोणत्याही खतावणीत झालेली नाही. 'वाडा चिरेबंदी' ती नोंद करते. ज्या घरात अजून एखादी प्रभा आपल्या वाट्याविषयी गप्प बसली असेल, त्या घरात या दिवाळीच्या सुटीत हे नाटक मोठ्याने वाचले जावे.