छायेचे चित्र आणि छाया

मंडळी, आजचा विषय वरवर कोरडा वाटेल. उद्यान, चौक, नदीकाठ, कशाचाही आराखडा मांडला की हल्ली त्यात ऊन-सावलीचे एक चित्र असतेच. जमिनीवर लाल, पिवळे, निळे पट्टे आणि कोपऱ्यात तीन तारखा: २१ मार्च, २१ जून, २१ डिसेंबर. चित्र देखणे असते. पण ज्या डिजिटल मॉडेलवरून ते काढले, ते उघडून बघायला कोणी सांगत नाही. आज आपण ते उघडून बघू. उदाहरण पुण्याचे घेऊ.

आधी तारखांचे बघा. ब्रिटनमधल्या बीआरई संस्थेची मार्गदर्शिका म्हणते की मोकळ्या जागेच्या निदान अर्ध्या भागावर २१ मार्चला दोन तास ऊन यावे. तिथे ते योग्यच आहे, कारण तिथे लोकांना ऊन हवे असते. पुण्यात माणूस सावली शोधतो, आणि तीही एप्रिल-मेमध्ये. नेमके हेच दोन महिने त्या तीन तारखांत नाहीत. वर रंगही उसने. लाल म्हणजे भरपूर ऊन, म्हणजे छान! आमच्याकडे उलटे वाचायला हवे.

आता मॉडेल ठेवायचे कुठे? स्केचअपची कोरी फाइल बरीच वर्षे कोलोराडोतल्या बोल्डर गावी उघडत आली. जागा बदलायची राहिली, तर २१ डिसेंबरच्या माध्यान्ही दहा मीटरच्या भिंतीची सावली वीस मीटर पडते. पुण्यात ती नऊ मीटर असते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. अर्ध्या तासाची चूक दिसत नाही. आपले प्रमाणवेळेचे अंतर साडेपाच तासांचे, आणि कोणी तिथे नुसते पाच भरले तर? मेच्या मध्यावर दुपारी चारला दहा मीटर उंच झाडाची सावली साधारण साडेअकरा मीटर असते. मॉडेल ती पंधरा मीटर दाखवते. बाक त्या हिशेबाने मांडला की बसणारा उन्हात.

आणखी एक. मेच्या मध्यापासून जुलै संपत येईपर्यंत पुण्यात माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. मे महिन्यात दुपारी चारला तो जवळजवळ पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. म्हणजे बाकाच्या दक्षिणेला झाडांची रांग लावून त्या वेळी काही साधत नाही. झाड पश्चिमेलाच हवे. हे सांगायला खरे तर मॉडेलही लागत नाही, पारावर बसणाऱ्या कोणालाही विचारा.

जमिनीबद्दल थोडक्यात. प्लॉटच्या हद्दीवर कंटूर कापू नयेत. पश्चिमेला एक किलोमीटरवर दोनशे मीटर उंच टेकडी असेल, तर क्षितिज अकरा अंश वर येते आणि ऊन पाऊण तास आधी जाते. उपग्रहाच्या उंचीच्या माहितीत इमारती आणि झाडांचे माथे मिसळलेले असतात. त्यावरच पुन्हा इमारती उभ्या केल्या तर उंची दोनदा मोजली जाते. एवढे सांभाळले की पुरे.

खरा घोळ झाडांत आहे. बहुतेक मॉडेलमध्ये झाड म्हणजे काठीवरचा घट्ट हिरवा चेंडू. त्यातून उन्हाचा कवडसाही येत नाही. वडाची सावली आणि गुलमोहराची सावली एकच कशी असेल? बरे, पानगळीची सोय असलीच, तर ती थंड देशांच्या वेळापत्रकाची: हिवाळ्यात उघडे, उन्हाळ्यात भरगच्च. आमचा पळस, पांगारा, काटेसावर फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन तापू लागते तेव्हाच निष्पर्ण असतात. करंज मात्र एप्रिलमध्ये नव्या पालवीने भरतो. त्यामुळे प्रत्येक जातीला पानांचे महिने आणि पानांची दाटी वेगळी द्यावी लागते. काम कंटाळवाणे आहे, मान्य. पण ते टाळले, तर पुढचे सगळे गणित चेंडूंच्या सावलीचे.

आणि वय! नवी लावलेली रोपे चित्रात पहिल्याच दिवशी बारा मीटर उंच असतात. याला आम्ही सजावट म्हणत नाही, ही दिशाभूल आहे, कारण याच चित्राच्या आधारे जुनी झाडे तोडायला परवानगी मागितली जाते. महाराष्ट्रातल्या १९७५ च्या वृक्ष अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरचे झाड वारसा ठरले, आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावायची असे ठरले. चांगली तरतूद आहे. पण ती संख्या मोजते. साठ वर्षांच्या चिंचेखाली भाजीवाली, रिक्षावाले, शाळेची मुले उभी असतात; तिच्या बदल्यात गावाबाहेर लावलेली साठ रोपे त्यांच्या डोक्यावर येत नाहीत. सावली कुठे होती, कोणत्या वेळी होती, कुठे गेली, हे मोजायचे साधन म्हणजे हेच मॉडेल. तेच जर खोट्या उंचीने भरले, तर विचारायचे कोणाला?

म्हणून झाडे काढायचा प्रस्ताव समोर आला की आम्ही तीन चित्रे मागतो: आजचे, लावणीच्या वर्षाचे आणि दहा वर्षांनंतरचे. तिन्ही मे महिन्यातली, दुपारी चारची. मधले चित्र बहुधा तयार नसते.