प्रशस्ती आणि शोक

गोमंतकाच्या मुक्तिलढ्यावर मराठीत आठवणी आहेत, चरित्रे आहेत, पोवाडे आहेत. स्मरणिका तर उदंड. वाङ्मय म्हणून हे लेखन तपासण्याचा प्रसंग मात्र क्वचितच येतो. विषयाच्या पावित्र्यापुढे समीक्षक लेखणी खाली ठेवतो. तसे केल्याने हुतात्म्यांचा मान राखला जातो, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

पत्रादेवीचेच उदाहरण घ्यावे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्याच्या त्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला. सहोदरादेवी राय जखमी झाल्या; पंजाबातील इसरू गावचा कर्नैलसिंग पुढे सरसावला आणि तेथेच पडला. वय पंचविशीच्या आसपास. या प्रसंगाचे वर्णन आपल्याकडे बहुधा एकाच साच्यात येते: ताठ छाती, ओठांवर जयघोष, रक्ताचा सडा आणि लगोलग अमरत्व. गोळी लागणे आणि अमर होणे यांच्या दरम्यान एका घराला जे सोसावे लागते, त्याला या गद्यात जागाच नाही.

कर्नैलसिंग दूरचा, असे तरी म्हणता येईल. अस्नोड्याचा बाळा राया मापारी तर आपल्याच मातीतला. आझाद गोमंतक दलाचा हा तरुण १९५५ च्या फेब्रुवारीत पोलिसांच्या कोठडीत छळ सोसून मेला. तिशी त्याने गाठली नव्हती. ‘पहिला हुतात्मा’ हे बिरुद त्याच्या नावाला इतके घट्ट चिकटले आहे की, त्याखालचा मुलगा दिसेनासा झाला आहे. डिचोलीच्या वेशीवरच्या त्या गावात बातमी कशी पोचली, उघड रडण्याची तरी मुभा होती काय, शेजाऱ्यांपैकी कोण आले आणि कोणी भीतीने दार लावून घेतले? गौरवपर लेखनाला हे प्रश्न पडत नाहीत. (निवेदकांच्या विशेषणांविषयी न बोललेलेच बरे.)

याच्या शेजारी सत्तरीतील झर्मे येथे शिगम्यात होणारा चोरोत्सव ठेवून पाहावा. गावकऱ्यांनी काही तरुणांना चोर समजून ठार केले आणि ते निरपराध होते हे मागाहून कळले, अशी आख्यायिका. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. करंझोळ येथेही असा उत्सव होतो. विधीत गावचेच पुरुष ‘चोर’ होतात. कुणाचे धड मातीखाली आणि शिर तेवढे वर, तर कुणाचे शिरच मातीत. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. येथे मारलेल्यांची थोरवी गायिली जात नाही. गाव आपलीच माणसे त्यांच्या जागी पुरते. त्याहून विलक्षण गोष्ट नावाची. निरपराध ठरलेल्यांना आजही ‘चोर’च म्हणतात. ज्या शब्दाने त्यांचा जीव घेतला, तो शब्द गावाने पुसला नाही. उत्सवाच्या नावातच आपली चूक जपली. लिखित मराठीत शोकाची इतकी कठोर रचना मला फारशी आढळलेली नाही.

ही तुलना अन्यायाची आहे, असा आक्षेप येईल. तेथे मारणारे गावकरी, येथे परकी सत्ता. आक्षेप खराच आहे; पण आपल्या गद्याचा दुबळेपणा नेमका तेथूनच येतो. मारणारा परका असला की लेखकाचे काम सोपे होते. सारा संताप सीमेपलीकडे धाडता येतो, आणि गाव, त्यातली आपली जुनी घराणी, त्यांचे दरबारी लागेबांधे, त्यांचे मौन हे सगळे चित्राबाहेर राहते. १९६१ नंतर तर सगळेच लढ्यात होते, असे वाटावे इतक्या आठवणी छापल्या गेल्या.

१९५५ साली जाणत्या वयात असलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. तुकड्या, पत्रके, तुरुंग यांविषयी त्यांना पुष्कळ विचारून झाले. मापारीच्या वाड्यावर त्या वर्षी चतुर्थीला कोणाकोणाच्या घरी माटोळी बांधली गेली आणि कोणाच्या नाही, हे विचारलेले मात्र माझ्या वाचनात आलेले नाही.