वामनदादांची चाल आणि वामनदादांचे नाव

आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात उभा जन्म घालवला. सौंदर्यशास्त्राच्या तासाला कांट झाला, भरत झाला. वामनदादा कर्डकांचे नाव मात्र आम्ही एकदाही फळ्यावर लिहिले नाही. ती चूक आज आधी कबूल करतो.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. पोटासाठी मुंबईत आले. तिथे कुणीतरी पत्र वाचायला दिले आणि ते वाचता येईना, याची लाज वाटून ते अक्षर शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत शिकले, असे सांगतात. १९४३ च्या सुमारास गाणी लिहू लागले आणि २००४ साली जाईपर्यंत गावोगाव गात राहिले.

आता आक्षेप बघू. पहिला असा की, चाली उसन्या, कधी सिनेमाच्या तर कधी कव्वालीच्या. खरे आहे. पण ज्याला पत्र वाचता आले नव्हते, त्याला समोरच्या माणसाची अडचण ठाऊक होती. ऐकणाऱ्याकडे वही नाही, पुस्तक नाही. ओळखीची चाल हीच त्याची वही! शब्द तिच्यात बसले की माणूस ते घरी घेऊन जातो. म्हणजे उसनी चाल ही आळशीपणाची खूण नव्हे, ती शिकवण्याची रीत आहे.

दुसरा आक्षेप प्रचाराचा. काही गाणी प्रसंगापुरती आहेत, त्यांत घोषणाच जास्त आहे, हे आम्हीही मान्य करतो. पण त्यांचे उत्तम गाणे सांगत नाही, विचारते. देशातल्या धनात आमचा वाटा कुठे आहे, हे भांडवलदारांची नावे घेऊन विचारते. बाबासाहेबांच्या अनुयायांनाही ते सोडत नाही. त्यांच्या मताची खरी माणसे असती तर चित्र वेगळे असते, असे सुनावते. ज्याच्या टाळ्या मिळायच्या त्यालाच आरसा दाखवायचा, याला प्रचार कसे म्हणावे? सॉक्रेटिस बाजारात दुसरे काय करत होता?

अमेरिकेत वुडी गथ्रीमागून बॉब डिलन आला. त्याने १९६२ च्या पहिल्याच तबकडीत गथ्रीसाठी गाणे केले, आणि २०१६ साली त्याला नोबेल मिळाले. आपल्याकडे वामनदादांचा वारसा प्रतापसिंग बोदडे यांच्यासारख्या शिष्यांनी चालवला. संभाजी भगतांचा आवाज वेगळा, बाज वेगळा. संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर गातात. पण गाणे म्हणजे लोकांशी बोलणे, ही समज तीच. खरा प्रभाव गळ्यात नसतो बरं का, तो कामाच्या समजुतीत असतो.

आणि इथेच आमची काळजी आहे. संतांसारखी वामनदादा शेवटच्या कडव्यात आपली नाममुद्रा घालत. आज मिरवणुकीत ध्वनिवर्धकावर दोन कडवी वाजतात, शेवटचे गळते. गाणे राहते, वामन जातो. ज्याने अक्षर इतक्या कष्टाने मिळवले, त्याचेच नाव पुसले जावे?

मंडळी, अंबड, परतूर, भोकरदनकडच्या एखाद्या घरात जुन्या गायनपार्टीची वही अजून असेल. ती उतरवून घ्या, शेवटच्या कडव्यासकट. आम्ही वर्गात जे केले नाही, ते तुम्ही घरात करा.