अजून बसायचं हाय का?

गेल्या वर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, खेड तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर आम्ही ज्येष्ठांचा सत्कार ठेवला होता. सात म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवले, शाली पांघरल्या, नारळ दिले. भीमगीते झाली, भाषणे झाली. माझे एकट्याचे भाषण चाळीस मिनिटांचे. आभारप्रदर्शन संपले तेव्हा एक आजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "दादा, आता जाऊ का आमी? का अजून बसायचं हाय?"

बसणे हेही तिला आम्ही सांगितलेले एक काम वाटले होते. जन्मभर दुसऱ्यांची कामे केलेल्या बाईला दुसरे काय वाटणार? त्या प्रश्नाने मला गप्प केले. हे लेखन म्हणजे आपल्या सांस्कृतिक कार्यक्रमांची समीक्षा आहे, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मीही आहे.

कातकरी म्हणजे कोण, हे आपल्यातल्या अनेकांना धड ठाऊक नसते. खैराच्या लाकडातून कात काढणारा हा समाज. जंगल सरकारी झाले, कात गेला, आणि जमातीच्या वाट्याला कोळशाच्या व विटांच्या भट्ट्या आल्या. महाराष्ट्रात अतिअसुरक्षित म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी ही एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १९४९ साली कायदा होऊन खोती गेलीही. पण पुष्कळशा कातकरी वाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. कुळाचे नाव निदान सातबाऱ्यावर चढू शकले. कातकऱ्याच्या झोपडीखालची जमीनसुद्धा त्याची झाली नाही.

अशा वाडीवरचे म्हातारपण कसे असते? दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे भट्टीवर जातात. ज्यांच्याने काम होत नाही ती म्हातारी माणसे मागे राहतात. मी ज्या वाडीबद्दल लिहितो आहे तिथे ती हिवाळ्यात एकाच खोपटात गोळा होतात. पाच जणांची एक चूल, रेशनचा तांदूळ एकाच टोपात. एकीला दिसत नाही, ती निवडण-टिपण हाताने चाचपून करते. ज्याला चालता येते तो फाटी आणतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान दीडशे जणांच्या निवासाची कल्पना आहे. या पाच जणांनी कायद्याचे नावही न ऐकता आपले निवासस्थान उभे केले आहे. ती हौस नव्हे, उपासमारीवरचा तोडगा आहे. त्याचे गोडवे गाऊन शासनाला मोकळे सोडायचे कारण नाही.

परंतु त्या खोपटात रात्री जे चालते ते मात्र संस्कृती या शब्दाला पात्र आहे. सत्कारानंतर, जानेवारीत, मी तिथे दोन रात्री राहिलो. खैराचा गाभा तासून, मडक्यांत उकळून कात कसा काढीत, हे एका आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेले सांगितले. करांदे कुठल्या उतारावर सापडतात, पहिल्या पावसात शेवळे कशी ओळखायची, यावर दोन म्हाताऱ्यांचा वाद झाला. मग गाणे निघाले. कुणी सूत्रसंचालन केले नाही. नऊ ऑगस्टला मांडी घालून मुकी बसलेली तीच आजी इथे सगळ्यांना हुकूम सोडीत होती.

मित्रहो, आपण कार्यक्रम करतो तेव्हा नेमके हेच मारतो. वृद्धाश्रमात शहरी मंडळी अभंग नेतात, आपण भीमगीते नेतो. आशय निराळा आहे, आणि तो फरक मी क्षुल्लक मानीत नाही. पण पद्धत एकच: गाणारे आपण, ऐकणारे ते. काही कार्यकर्ते म्हणतात, ही माणसे लाजतात, माईकवर बोलत नाहीत. माईकवर बोलत नाहीत म्हणून त्यांना बोलायचेच नाही, हा निष्कर्ष कुणी काढला? सभा आपल्या सोयीची, वेळ आपली, भाषा आपली. मग संकोच मात्र त्यांचा दोष कसा?

दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने दलित या शब्दात आदिवासींना घेतले. व्याख्या व्यापक झाली, व्यासपीठ झाले का? वाहरू सोनवणे यांच्या 'स्टेज' या कवितेने आपल्याला हा प्रश्न फार पूर्वीच विचारला आहे. ती कविता आपण अभ्यासक्रमात शिकवतो, तिच्यावर परिसंवाद घेतो, आणि परिसंवादाच्या स्टेजवर पुन्हा आपणच बसतो. कवितेचा पराभव याहून निराळा काय असतो?

चांगले उदाहरण आपल्याच घरात आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली आले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन ते सिद्ध झाले. त्या बायकांना शाल देऊन परत पाठवले असते तर चळवळीचा अर्धा इतिहास त्यांच्याबरोबरच गेला असता. उर्मिला पवार याच रत्नागिरीच्या. त्यांच्या जिल्ह्यातल्या कातकरी म्हाताऱ्यांकडे वही घेऊन जायला आपल्याला कोणी अडवले आहे? त्यांची बोली नातवंडांच्या तोंडी शाळेतल्या मराठीपुढे मागे सरते आहे. वेळ थोडा आहे.

कातकऱ्यांसारख्या जमातींसाठी केंद्राची जनमन योजना २०२३ साली सुरू झाली. तिच्यात पक्की घरे आहेत, बहुउद्देशीय केंद्रे आहेत. ती मिळवण्यासाठी भांडलेच पाहिजे. पण केंद्राच्या भिंती उभ्या राहिल्यावर आत काय व्हायचे, हे त्या पाच जणांना विचारले गेले नाही तर तिथेही म्हातारी माणसे बसवूनच ठेवली जातील.

माझ्यापुरते मी ठरवले आहे. यंदा भाषण नाही. पुन्हा दिवाळीनंतर जायचे, त्यांनी बस म्हटले तर चुलीजवळ बसायचे, त्यांच्या संमतीने, त्यांच्या बोलीत, त्यांच्या नावाने उतरवायचे आणि छापण्याआधी त्यांनाच वाचून दाखवायचे. शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांनी आपापल्या तालुक्यात एक वाडी धरावी. आणि जायची वेळ झाली का, हे या खेपेला आपण त्यांना विचारावे.