हात कुणाचा, माहिती कुणाची?

आज आपण सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याच्या डिजिटल कौशल्याबद्दल बोलणार आहोत. पण सुरुवात मोबाइलपासून नको, वारणेपासून करू.

१९९८ साली वारणा खोऱ्यात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं, गावागावात संगणक केंद्रं. बाजारभाव, पीक सल्ला, सरकारी योजना सगळं गावातच मिळणार, असा बेत होता. झालं काय? केंद्रावर मुख्यतः साखर कारखान्याचंच काम चाललं: तोडणीचा परवाना, उसाचं वजन, खताची उचल. २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी हे पाहिलं आणि सात गावांत संगणकाऐवजी साधा एसएमएस वापरून बघितला. तेवढ्या कामाला तो पुरला.

याला आम्ही अपयश म्हणत नाही. कारखान्याचा हेलपाटा वाचला, ही काही लहान गोष्ट नव्हे. आमचा आक्षेप वेगळा आहे. संगणकापुढे बसायचा ऑपरेटर, शेतकरी समोर उभा. माहिती त्याची, हात दुसऱ्याचा.

आता आजचं बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली. आपण बांधावर जायचं, गट नंबर निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा. कल्पना चांगलीच आहे. ज्यानं पेरलं त्यानंच नोंदवावं. पण एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. ही सोय खरी, पण तिच्यामुळेच गावातलं एखादं हुशार पोरगं सगळ्यांचं ‘भरून देतं’. त्यात सोयाबीनच्या जागी दुसरंच पीक पडलं तर? ते कळतं नुकसानभरपाईच्या वेळी. म्हणजे केंद्र गेलं, ऑपरेटर राहिलाच.

मग शिकवायचं काय? म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, तिची गोष्ट चेतना सिन्हा सांगतात. बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करतो. तुमच्या अधिकाऱ्यांनी कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवावा.

यात कौशल्य कुठलं? अक्षरं तर आहेतच. पण खरं कौशल्य म्हणजे साहेबापुढे आपला हिशोब मांडता येणं. आपली बहुतेक प्रशिक्षणं इथंच कमी पडतात. हजेरी मोजतात, प्रमाणपत्र देतात, ॲप कुठं दाबायचं ते दाखवतात. नोंद चुकली तर कशी ओळखायची, दुरुस्ती कुठं मागायची, ओटीपी कुणाला का सांगायचा नाही, हे राहून जातं. आणि घरातल्या बाईचं काय? शेतात राबते ती, ओटीपी येतो नवऱ्याच्या फोनवर.

म्हणून आमचं मोजमाप साधं आहे. प्रशिक्षणानंतर माणसाला स्वतःचा सातबारा उघडून ‘हे चुकलंय’ असं म्हणता येतं का? येत असेल तर तो शिकला. नाहीतर आपण फक्त नवा ऑपरेटर तयार केला.

आज घरी गेल्यावर आईच्या किंवा वडिलांच्या हातात फोन द्या. दाबायचं त्यांनी, आपण शेजारी बसायचं.